डाव्या हातातली तलवार

मी एक जुनं तांब्याचं नाणं आहे. जुनं म्हणजे राजामहाराजांच्या काळातलं नव्हे. मला होऊन उणीपुरी अकरा-बारा वर्षं झाली आहेत. पण मित्रांनो, ज्यानं मला घडवलं त्याची दाढी तेव्हा काळी होती, आता पांढरी झाली. जिच्यासाठी घडवलं ती आता नाही. जुनं व्हायला एवढं पुरतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढं तक्रार नको. माझ्यावर काही विकत मिळत नाही. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा, त्यावर चारमिनार असायचा. सोलापूरकडं इंग्रजांचा कलदार चालायचा, त्यावर त्यांच्या राजाचं डोकं असायचं. मी दोन्हीकडं चाललो नाही. आमच्या जळकोटच्या बाजारात माझ्या बदल्यात कुणी चिमूटभर तंबाखू दिली नसती. आता निजामाचं राज्य गेलं, आणि लोक म्हणतात, हाली सिक्काही जाणार. जाईना. जे कधी चाललंच नाही ते बंद कसं पडेल?

माझ्या एका अंगावर नळदुर्गाचा बुरूज आहे. दुसऱ्या अंगावर घोड्यावर बसलेली एक बाई आहे. ती नगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी. तिच्या हातात तलवार आहे आणि ती तलवार डाव्या हातात आहे. त्या डाव्या हातावरून जे घडलं ते मी तुम्हाला सांगणार आहे. मी माफी मागायला बोलत नाही, हेही ध्यानात ठेवा.

मला घडवणारा बाबामियाँ हा ठसे कोरणारा कारागीर. सोनार पोलादी ठशावर सोन्याचा पातळ पत्रा ठोकून पुतळ्या काढतात, मणी काढतात. ते ठसे बाबामियाँ कोरायचा. तुळजापूरपासून उमरग्यापर्यंतचे सोनार त्याच्याकडं यायचे. या कामाचा पहिला नियम म्हणजे सगळं उलटं कोरायचं. ठशात जे डावं असेल ते पत्र्यावर उजवं उठतं. तीस वर्षं उलटं कोरून त्याच्या हाताला ते इतकं बसलं होतं की नाव कोरायचं झालं तर तो न बघता उलटी अक्षरं काढायचा.

त्याला एकच नाद होता. पितळेच्या साध्या ठशांसाठी तो सोलापूरहून मोडीचं पितळ-तांबं आणायचा. पहिल्या मोठ्या लढाईहून परतलेल्या शिपायांच्या घरची पदकं, बिल्ले, साहेबांच्या नावानं काढलेली नाणी त्या मोडीत येऊन पडायची. ज्याच्यावर सेनापतीचं तोंड असेल ते बाबामियाँ वेगळं काढायचा, मुशीत टाकायचा नाही. त्याचं म्हणणं असं की ज्यानं हे तोंड कोरलं त्यानं डोळे फोडून घेतले असतील, ते मी कसं वितळवू? अशी नऊ जमली होती. ती त्यानं बायकोच्या पानदानात, एकेका खणात एकेक, मांडून ठेवली होती.

त्याच्या बायकोचं नाव गुलबानो. घरात ती दोघं दखनीत बोलायची, मी ते तुम्हाला इथल्या बोलीत सांगतो.

"पानदान माझ्या माहेरचं," ती म्हणायची. "त्यात तुमचे साहेब बसले, आन माझी सुपारी फडताळात उंदराशेजारी."

एका शुक्रवारी तो नमाज पढून आला आणि पानदान उघडून बसला. ती भाकरी थापत होती. तिथूनच तिनं विचारलं, "अजी, ह्यो मिशीवाला कोण?"

"किचनेर साहेब. लई मोठा सेनापती."

"आन ह्यो?"

"ह्यो बी सेनापती."

"आन त्यो कोपऱ्यातला, नाक झिजलेला?"

"त्योबी."

"म्हंजे लढाया सगळ्या ह्यांनीच केल्या म्हना. एक बी बाई न्हाय तुमच्या पानदानात."

"बाईवर कोण नाणं काढतंय?"

"तुमी ठसे कोरता न्हवं? का हात भाड्यानं दिलेत?"

गुलबानोचं माहेर नगरचं. चांदबीबीची गोष्ट तिनं आजीकडून ऐकलेली. किल्ल्याचा तट उडाला तेव्हा चांदबीबी तलवार घेऊन भगदाडात उभी राहिली आणि तट पुन्हा चढेपर्यंत हलली नाही. तोफांतले गोळे संपले तेव्हा तिनं तोफांत नाणी भरली. ही गोष्ट सांगताना गुलबानो पिठाचा हात वर करून थांबायची. "आदी तांब्याची भरली. मग चांदीची. सोन्याची सगळ्यात शेवटी. म्हंजे पहिला मान तांब्याचा." खरं काय झालं ते त्या तोफांना ठाऊक. पण मी तांब्याचा आहे, आणि मला ही गोष्ट पटते.

आता गुलबानोविषयी एक सांगायचं राहिलं. ती डावखुरी होती. जेवायची उजव्या हातानं, तेवढं तिनं लहानपणी मार खाऊन शिकून घेतलं होतं. पण भाकर थापायची डाव्या हातानं, विळा धरायची डाव्या हातानं, सुई ओवायची ती डाव्याच हातानं. बाबामियाँची थोरली बहीण खातूनबी त्याच गल्लीत राहायची. ती दारातूनच बोलायची, "डाव्या हाताची भाकर. घरात बरकत यायची कशी?"

"भाकर पोटात गेल्यावर हात इचारती व्हय, आपा?" गुलबानो म्हणायची आणि दुसरी भाकर थापायची, डाव्याच हातानं.

तर बाबामियाँनं चांदबीबी कोरायची ठरवली. पण चांदबीबी कुणी पाहिली होती? त्यानं दार लोटलं, गुलबानोला ज्वारीच्या आडव्या पोत्यावर बसवलं आणि तिच्या हातात उलथणं दिलं. ते पोतं घोडा आणि ते उलथणं तलवार.

"उजव्या हातात धर."

"अवघड वाटतंय."

"सेनापती डावरा नसतो."

"तुमाला काय म्हाईत? तुमी त्याच्या पंगतीला बसला व्हता?" असं म्हणत तिनं उलथणं उजव्या हातात घेतलं. थोड्या वेळानं ते पुन्हा डावीकडं गेलं. त्यानं पुन्हा उजवीकडं द्यायला लावलं. असं तीन शुक्रवार चाललं. त्यानं तिचं नाक कोरलं, नाकातली मुरणी कोरली, हनुवटीवरचं गोंदण नव्हतं म्हणून ते कोरलं नाही. जे समोर होतं ते कोरलं.

मित्रांनो, चूक इथंच झाली. चांदबीबीचं नाव त्यानं सवयीनं उलटं कोरलं, बुरूज उलटा कोरला. पण बायकोकडं बघता बघता तो आपला नियम विसरला. समोर दिसली तशीच सरळ तिला पोलादात उतरवली. ठसा झाला की तो आधी मेणावर दाबून बघायची रीत आहे. मेण फडताळात होतं. पण गुलबानो म्हणाली, "दावा की आता," आणि त्याला धीर निघाला नाही. त्यानं तांब्याची चकती तापवून मऊ केली, खालच्या ठशावर ठेवली, वर दुसरा ठसा धरला आणि घणाचा एकच घाव घातला. तो माझा जन्म.

त्यानं मला उचलून उजेडात धरलं आणि मटकन खाली बसला. तलवार डाव्या हातात होती.

"काय झालं?" गुलबानोनं मला हातात घेतलं. आधी ती नुसती बघत राहिली. मग इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुमी उजवी बसवली, अल्लानं डावी उठवली. आता बोला."

"वितळवतो. नवा ठसा कोरतो."

"खबरदार माझ्या चांदबीबीला हात लावाल तर."

त्या दिवशी पानदानातला मधला खण रिकामा झाला आणि त्यात मी बसलो. किचनेर साहेबाला कोपऱ्यात जावं लागलं.

माझ्यावरचा चेहरा कुणाचा आहे हे त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. गुलबानो पडद्यातली बाई. तिचा फोटो कधी काढला नव्हता. तांब्यावर तिचं तोंड आहे असं कळलं असतं तर गल्लीनं दोघांना जगू दिलं नसतं. तेव्हा ती दोघं मला बघून एकमेकांकडं बघायची, आणि विषय तिथंच संपायचा.

सात वर्षं माझी अशी गेली. दर ईदेला गुलबानो चिंचेचा कोळ घेऊन मला घासायची, जशी हंडा-कळशी घासतात तशी. बाबामियाँ ओरडायचा, "नाणं घासत नसतात. कोरीव झिजतं."

"मळकं तोंड घेऊन ईद करायची व्हय तिनं?" ती म्हणायची, आणि अंगठ्यानं माझ्या तोंडावरून चिंच फिरवायची. खरं तर बाबामियाँचं बरोबर होतं. माझ्यावरचं नाक आज थोडं बोथट आहे ते त्या अंगठ्यानं. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

गावात आणखी एक माणूस सेनापतींची नाणी जमवायचा. त्याचं नाव कल्याणप्पा. त्याचं आडत दुकान होतं, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, डोळ्यांना चष्मा. तो मुंबईहून टपालानं पदकं मागवायचा. त्याच्या बैठकीत काचेची पेटी होती, आत निळी मखमल, आणि प्रत्येक नाण्याखाली त्याच्या हातची चिठ्ठी. बाबामियाँ आणि तो बसले की दोन-दोन तास नाण्यांवर बोलत. आमच्या घरी त्यानं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चष्मा वर सरकवून तो म्हणाला, "काम लई बारीक हाय, मिस्त्री. पण हात चुकलाय."

"व्हय अप्पा, चुकलाय," बाबामियाँ म्हणाला. आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. गुलबानो हसत होती.

पंचेचाळीस सालच्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. सकाळी तिला त्रास सुरू झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. याहून जास्त मला सांगता येत नाही. बाबामियाँलाही आलं नाही. लोक भेटायला येत तेव्हा तो एवढंच म्हणे, "सकाळी भाकर थापत व्हती."

चाळीस दिवस झाले. त्या दिवशी त्यानं पानदान उचललं आणि कल्याणप्पाच्या बैठकीत नेऊन ठेवलं.

"हे सांभाळा, अप्पा. अमानत म्हणून. माझ्यानं उघडवत न्हाय."

कल्याणप्पानं पानदानाकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "मखमलीत ठेवतो."

त्यानं शब्द पाळला. मी काचेखाली गेलो. धूळ नाही, चिंच नाही, हात नाही. माझ्याखाली चिठ्ठी लागली: 'चांदबीबी. तांबे. हात चुकलेला.' शेजारी चांदीचा नेल्सन होता, विलायतेचा दर्यावर्दी सेनापती. कल्याणप्पाचा तो सगळ्यात लाडका. येणारा-जाणारा नेल्सनला वाकून बघायचा आणि माझी चिठ्ठी वाचून हसायचा. दीड वर्ष मी ते हसणं ऐकलं. मखमल मऊ असते, एवढं मात्र खरं. पण मित्रांनो, मला ईदेची चिंच आठवायची.

सेहेचाळीसच्या हिवाळ्यात हैदराबादेहून एक निवृत्त कर्नलसाहेब या भागात येणार असं कळलं. त्यांनाही अशा नाण्यांचा शौक होता आणि ते कल्याणप्पाची पेटी बघायला उतरणार होते. कल्याणप्पाची झोप उडाली. त्यानं बाबामियाँला बोलावून घेतलं.

"मिस्त्री, साहेब बघतील ती एवढी एक चूक बघतील. माझ्या सगळ्या पेटीचं हसं व्हईल. तुमी असं करा, हे नाणं वितळवा. त्याच तांब्याचं, उजव्या हाताचं, नवं काढून आणा. चुकीचं मागं राहायला नगं."

बाबामियाँनं मला पेटीतून उचलून हातात घेतलं.

"आन ऐका. साहेबांची टांकसाळीत ओळख हाय. म्या तुमच्यासाठी शब्द टाकलाय. तुमचं काम पसंत पडलं तर हैदराबादेत ठसे कोरायची नोकरी. रिकाम्या घरात किती दिवस बसणार तुमी?"

टांकसाळ म्हणजे ठसेवाल्याची काशी आणि मक्का दोन्ही. तरुणपणी बाबामियाँ गुलबानोला म्हणायचा की एकदा तरी टांकसाळीत बसायचंय. त्याचे डोळे आता अधू होत होते. सोनार कमी येत होते. त्यानं मला कपड्यात बांधलं आणि घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं शेगडी पेटवली. खातूनबी भाता हलवायला बसली. मला मुशीत ठेवलं. मूस म्हणजे धातू वितळवायचं मातीचं भांडं. खालून ऊब लागू लागली. मला वाटलं होतं मी घाबरेन. मी घाबरलो नाही. मला राग आला. नेल्सन मखमलीत राहणार, आणि जिनं तट राखला ती मुशीत.

नवा ठसा कोरायला जुना बघावा म्हणून बाबामियाँनं फडताळातून जुना ठसा काढला. तो त्यानं दीड वर्षात पाहिला नव्हता. ठशात गुलबानो आत खोल बसलेली होती, त्या तीन शुक्रवारी समोर बसली होती तशी, उलथणं उजव्या हातात आणि तोंडावर अवघडलेपण. त्यानं ठसा बघितला. मग चिमटा घालून मला मुशीतून बाहेर काढलं आणि शेजारी ठेवलं. माझ्यावर ती वर उठून आलेली आहे. माझ्यावर ती अवघडलेली नाही.

"भाता थांबव, आपा."

"का रं? कोळसे वाया चाललेत."

"जाऊ दे."

"त्या नाण्यात काय ठेवलंय एवढं?" खातूनबीनं वाकून मला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनं पदर तोंडाला लावला. "या अल्ला. ही तर..."

"व्हय."

"लोकांनी पाहिलंय हे. मर्दांनी पाहिलंय."

"बघू देत. वळखली कुणी? तू बी आज वळखलीस."

खातूनबी उठली. तिनं शेगडीवर पाणी ओतलं.

तिसऱ्या दिवशी कल्याणप्पाच्या बैठकीत कर्नलसाहेब आले. खुर्च्या मांडल्या होत्या, गावातली दहा-पंधरा शहाणी माणसं भिंतीला टेकून उभी होती. साहेबांनी नेल्सन बघितला, मान डोलावली. माझी जागा रिकामी होती. तेवढ्यात बाबामियाँ आला आणि त्यानं कपडा सोडून मला मखमलीवर ठेवलं, होतो तसाच.

कल्याणप्पाचा चेहरा उतरला. "मिस्त्री, हे काय? नवं कुठाय?"

"नवं न्हाय, अप्पा."

साहेबांनी भिंग लावून मला बघितलं. "कोरणी उमदा आहे," ते म्हणाले. "चेहरा जिवंत आहे. पण मिस्त्री, शमशेर चुकीच्या हातात आहे."

"चुकीच्या न्हाय, साहेब. डाव्या."

भिंतीशी कुणीतरी खुसकन हसलं. कल्याणप्पा घाईनं म्हणाला, "साहेब, ठशात उलटापालट झाली. तो दुरुस्त करून देणार हाय."

"अप्पा," बाबामियाँ म्हणाला, "तुमच्या ह्या दर्यावर्दी साहेबाला एक हात न्हाय. तो तुमी मुंबईहून बसवून मागवलात का?"

आता सगळेच हसले. कल्याणप्पा लाल झाला. "त्याचा हात लढाईत गेला म्हणून पदकावर न्हाय. तो पुरावा हाय. चांदबीबी डावखुरी व्हती ह्याला काय पुरावा?"

"पुरावा हाय."

"कुठल्या बखरीत?"

बाबामियाँनं माझ्याकडं पाहिलं. मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "तीस वर्सं तिच्या हातची भाकर खाल्ली म्या."

ज्यांना कळलं त्यांनी खाली पाहिलं. ज्यांना कळलं नाही त्यांनी ज्यांना कळलं त्यांच्याकडं पाहिलं. कल्याणप्पानं चष्मा काढला. आतल्या खोलीतल्या त्या बांगड्या त्याला आठवल्या असतील.

कर्नलसाहेबांनी भिंग खाली ठेवलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, तुमचा हात मला आवडला. पण समजून घ्या. चूक दिसूनही जो ती तशीच ठेवतो, तो माणूस टांकसाळीत चालायचा नाही."

"खरं हाय, साहेब. टांकसाळीत एकासारखी एक लाखो निघतात. माझी एकच व्हती."

कल्याणप्पा हट्टी होता. इतक्या लोकांसमोर त्याला माघार घेता येईना. "ठीक," तो म्हणाला, "अमानत तुमची, उचला. पण मग ठसा द्या. सोलापूरचा कारागीर त्याच्यावरून उजव्या हाताची काढून देईल. चेहरा तोच, नाणं बरोबर."

बाबामियाँनं खिशातून ठसा काढला. तो त्यानं सोबत आणला होता. मित्रांनो, टांकसाळीत एखादं नाणं कायमचं बंद करायचं असलं की ठशावर छिन्नी मारून तो बाद करतात. त्यानं ठसा उंबऱ्याच्या दगडावर ठेवला, छिन्नी लावली आणि हातोडा उचलला. तो थोडा थांबला. ठशातही तीच होती. नाक तेच, मुरणी तीच. पोलादातली ती आणि तांब्यातली ती, यांतून एकच ठेवता येणार होती.

त्यानं घाव घातला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चीर गेली. उजवा हात, उलथणं, चेहरा, सगळं चिरलं.

"आता कुणी तिला उजवी करणार न्हाय," तो म्हणाला आणि मला उचललं.

"बाकीची नऊ?" कल्याणप्पानं विचारलं.

"ठेवा, अप्पा. ते सेनापती माझ्या वळखीचे न्हाईत. पानदान तेवढं द्या, ते तिच्या माहेरचं हाय."

घरी खातूनबी वाट बघत होती. बातमी आधीच पोचली होती. "भर बैठकीत भाबीचं नाव घेतलंस," ती म्हणाली.

"नाव न्हाय घेतलं. हात सांगितला."

त्यानंतर बरेच महिने कल्याणप्पा त्याच्याशी बोलला नाही. रस्त्यात दिसला की तो चष्मा पुसायचा. टांकसाळ गेली, सोनार आणखी कमी झाले. बाबामियाँ कुलपं दुरुस्त करून पोट भरू लागला. पण रोज सकाळी भाकर खाण्याआधी तो पानदान उघडायचा. त्यात आता मी एकटाच होतो, मधल्या खणात.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. ते साल कसं होतं हे घरी मोठ्या माणसांना विचारा, आणि त्यांनी सांगितलं नाही तर आग्रह करू नका. निजामाचं राज्य गेलं त्या दिवसांत आमच्या गल्लीत कुणाला कुणाचा भरवसा राहिला नव्हता. एका पहाटे बाबामियाँ खातूनबीला घेऊन कल्याणप्पाच्या मागल्या दारात उभा राहिला. दार कल्याणप्पानंच उघडलं.

"किती जण हाय?" त्यानं विचारलं.

"तिघं."

कल्याणप्पाला दोघंच दिसत होती. बाबामियाँनं मूठ उघडली. मुठीत मी होतो. कल्याणप्पानं मला पाहिलं, बाजूला सरला आणि म्हणाला, "आत या. अमानत हाय, सांभाळतो."

अकरा दिवस आम्ही त्याच्या धान्याच्या कोठीत राहिलो. रोज कल्याणप्पाची बायको चन्नम्मा भाकरी आणून ठेवायची. बाराव्या दिवशी निघताना कल्याणप्पानं बाबामियाँच्या हातात एक कागद ठेवला. ती माझी जुनी चिठ्ठी होती. 'हात चुकलेला' यावर शाईची रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं: 'डावखुरी. पुरावा: मिस्त्री.'

ती चिठ्ठी आता माझ्याखाली आहे, पानदानात.

या वर्षी ईदेच्या सकाळी बाबामियाँनं एक गोष्ट केली. त्यानं चिंच भिजवली. नाणी घासू नयेत हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तरी त्यानं कोळ घेतला आणि माझ्या तोंडावरून अंगठा फिरवला. डाव्या हाताचा अंगठा. त्याला ते जमत नव्हतं. कोळ सांडत होता. खातूनबीनं बघितलं आणि सांडलेला कोळ पुसून घेतला.

मित्रांनो, तुम्ही नाणी जमवत असाल तर जरूर जमवा. त्यांना घासू नका, भोक पाडून गळ्यात घालू नका, आणि कुणाकडं अमानत दिली तर ती परत मागायला लाजू नका. आणखी एक मागणं आहे. तुमच्या शाळेत कुणी डाव्या हातानं पाटीवर लिहीत असेल आणि त्याच्या हातावर कुणी छडी उगारली, तर मधे उभे राहा. चांदबीबी भगदाडात उभी राहिली होती, तुम्हाला तर नुसत्या छडीपुढं उभं राहायचं आहे.

आणि कधी जळकोटला आलात तर मला बघायला या. बाबामियाँ पानदान उघडेल. चेहरा थोडा झिजलेला दिसेल, नाक बोथट दिसेल. पण तलवार अजून स्वच्छ दिसते, आणि ती जिथं आहे तिथंच राहील.